मोहरीएवढ्या दाढेवरून ओळखतात नामशेष उंदीर. जीवाश्म दातांची ही पारख चालते कशी?

उंदीर मेला की त्याचं काय उरतं? मांस मुंग्या नेतात, केस उडून जातात, कवटी पापडासारखी फुटते आणि बारीक हाडं दोन-चार पावसाळ्यांत विरून जातात. उरतात ते दात. हे दात गाळात गाडले गेले आणि त्यावर थरावर थर साचत गेले, तर ते लाखोच काय, कोट्यवधी वर्षं तसेच राहतात. आज पृथ्वीवर कुठेही नसलेल्या शेकडो जातींच्या उंदरांची आपल्याला ओळख पटली आहे, ती बहुतेक दातांवरूनच. अख्खा सांगाडा हाती लागणं म्हणजे लॉटरी लागल्यासारखं.

आता कोणीही विचारेल, की मोहरीच्या दाण्याएवढी एक सुटी दाढ हातात आली, तर तिच्यावरून "हा उंदीर वेगळ्या जातीचा होता आणि ती जात आता संपली" असं कसं काय सांगता येतं? अंदाजपंचे तर नाही ना? नाही. यामागे बारकाईची पद्धत आहे. ती समजली तर घरातल्या उंदराकडेसुद्धा तुम्ही जरा वेगळ्या नजरेने बघाल. (पिंजरा मात्र लावाच.)

दातच का टिकतात?

दातावर जे चकचकीत कठीण आवरण असतं त्याला इनॅमल म्हणतात. शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नसतं. वजनाने पाहिलं तर इनॅमलमध्ये सुमारे ९६ टक्के खनिजच असतं. हाडात कुजणारा भाग बराच जास्त, म्हणून हाड भुसभुशीत होतं, दात राहतो. माणसाच्या बाबतीतही हेच घडतं. फार जुन्या माणसांचे आणि माकडांचे कित्येक नमुने म्हणजे नुसता एखादा दातच असतो.

उंदराच्या बाबतीत आणखी एक फायदा असतो. उंदीर संख्येने अफाट, आयुष्य छोटं आणि पिलावळ मोठी. प्रत्येकाच्या तोंडात १६ दात. त्यामुळे हत्तीचा एक दात सापडेपर्यंत त्याच थरात उंदरांचे शेकडो दात सापडू शकतात. शिवाय पिढ्या भराभर बदलतात, म्हणून दाताच्या घडणीतला फरकही लवकर दिसायला लागतो. शास्त्रज्ञांना मोठ्या जनावरांपेक्षा उंदराचं जास्त अप्रूप असतं ते यासाठी.

हे दात गोळा होतात कसे? घुबडाला विचारा

पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात किंवा शाळेच्या जुन्या छपरात गव्हाणी घुबड राहत असेल, तर खाली करड्या रंगाच्या, अंगठ्याएवढ्या लोकरीसारख्या गोळ्या पडलेल्या दिसतात. पुष्कळांना ती घुबडाची विष्ठा वाटते. पण तसं नाही. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचवतं आणि न पचलेले केस व हाडं यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकतं. ती गोळी पाण्यात भिजवून उकलली, की आत उंदराचे जबडे आणि दात जसेच्या तसे मिळतात. (उकलायची असेल तर हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा आणि नंतर हात साबणाने धुवा. उंदरापासून रोग पसरतात, हे काही नव्याने सांगायला नको.)

एखाद्या गुहेत घुबडांच्या पिढ्यान्पिढ्या हजारो वर्षं राहिल्या तर जमिनीवर काय साठा होत असेल, विचार करा. गुहांमधले उंदरांचे जीवाश्म बऱ्याचदा असेच घुबडांनी आणून टाकलेले असतात. दातावर पोटातल्या आम्लाने पडलेले खड्डे दिसतात, त्यावरून शिकारी घुबड होतं की कोल्ह्या-मांजरासारखं जनावर होतं, याचाही अंदाज बांधता येतो. घुबडाच्या पोटात दात फारसे झिजत नाहीत, मांसाहारी जनावराच्या पोटात ते जास्त खराब होतात.

उघड्यावरच्या खडकात मात्र दात शोधायचे, तर माती चाळावी लागते. एरवी डोळ्यांनी ते दिसणंच अशक्य. थरातली माती पोत्यांत भरून आणायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि पाण्यात भिजत घालायची. चिवट चिकणमाती असेल तर आधी रॉकेलमध्ये बुडवून मग पाणी घालतात, म्हणजे ढेकळं आपोआप फुटतात. नंतर अर्ध्या मिलीमीटरच्या बारीक जाळीतून धुवायचं, वर उरलेला चुरा वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण बाजूला करत बसायचं. डाळीतले खडे निवडण्यासारखंच हे काम, फक्त इथे खडे टाकायचे नसून त्यांतला एखादा उचलायचा असतो. कित्येक पोती धुतल्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दात मिळतात, असंही होतं.

अमेरिकेतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. वायोमिंग भागात जॉन बेल हॅचर नावाच्या संशोधकाने १८९० च्या दशकात प्राचीन सस्तन प्राण्यांचे बारीक दात मिळवण्यासाठी चक्क मुंग्यांची वारुळं तपासली. तिथल्या मुंग्या वारुळावर खडे आणून रचतात आणि त्या खड्यांत डायनासोरच्या काळातल्या छोट्या प्राण्यांचे दातही असतात. मुंग्यांनी फुकटात चाळणी लावून ठेवलेली!

आधी एवढं ठरवायचं : हा कुरतडणाराच आहे का?

लहान दात दिसला की तो उंदराचाच, असं नसतं. शाळेत आपण शिकलो ते आठवा : पुढे पटाशीचे दात, मग सुळे, मग उपदाढा आणि दाढा. कुरतडणाऱ्या प्राण्यांत, म्हणजे उंदीर, घूस, खार, साळिंदर यांच्यात, सुळे नसतातच. वर-खाली, डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला एकच पटाशीचा दात. त्यामागे मोठी मोकळी जागा. मग एकदम दाढा.

उंदराला आणि घुशीला प्रत्येक बाजूला तीन दाढा, उपदाढ एकही नाही. एकूण १६ दात. साळिंदराला २०, खारीला २२. सशाला २८ आणि त्यांतले दोन चिमुकले दात त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे लपलेले असतात, म्हणून ससा या घराण्यात बसत नाही. आणि चिचुंद्री? तिला उंदराची बहीण समजणारे खूप आहेत. तिला ३० दात असतात, तेही टोकदार, किडे फोडण्यासाठीचे. चिचुंद्री उंदीर नाहीच. थरातून तिची दाढ निघाली, तर तज्ज्ञ ती पहिल्या नजरेतच बाजूला ठेवतो.

पटाशीच्या दाताचं नाव आपल्या लोकांनी अगदी नेमकं ठेवलं आहे. सुताराच्या पटाशीसारखाच तो काम करतो. इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं. मागची बाजू मऊ, ती लवकर झिजते आणि धार आपोआप लागत राहते. हा दात मरेपर्यंत वाढतच असतो, म्हणून तर उंदीर सतत काहीतरी कुरतडतो. पुष्कळ उंदरांत या दाताची पुढची बाजू नारिंगी दिसते, ती इनॅमलमधल्या लोहामुळे.

पण जात ओळखायला पटाशीचा दात फारसा उपयोगी पडत नाही, कारण सगळ्यांचे साधारण सारखेच दिसतात. काही अपवाद आहेत. शेतात उड्या मारत पळणारा, शेपटीच्या टोकाला झुपका असलेला उंदीर तुम्ही पाहिला असेल. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातावर उभी खाच असते. असा खाचेचा दात जीवाश्मात निघाला की त्या गटाची शंका घेता येते. दाताचा काप काढून शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर इनॅमलच्या तंतूंची वीण दिसते. तिच्यावरूनही मोठे गट वेगळे करता येतात. त्यापुढे जायचं तर दाढच लागते.

खरी ओळख दाढेच्या माथ्यावर

उंदराची वरची पहिली दाढ भिंगाखाली धरली, की तिच्या माथ्यावर छोटे छोटे उंचवटे दिसतात, टेकड्यांसारखे. नीट पाहिलं तर ते आडव्या तीन ओळींत मांडलेले असतात आणि प्रत्येक ओळीत साधारण तीन. गेरिट मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या उंचवट्यांना टी-१ ते टी-९ असे क्रमांक दिले. पहिली ओळ १-२-३, मधली ४-५-६, मागची ७-८-९. १, ४ आणि ७ हे जिभेच्या बाजूचे. शेताला गट नंबर असतो तसाच हा प्रकार. जगातल्या कुठल्याही देशातला तज्ज्ञ "टी-१ मागे सरकलाय, टी-७ नाहीच" एवढं म्हणाला, की दुसऱ्याला चित्र दिसतं.

मग पाहणी सुरू होते. उंचवटे किती? एकमेकांना कडेने जोडलेले आहेत की सुटे? ओळ सरळ आहे की कमानीसारखी वाकलेली? दाढ लांबट की रुंद? मुळं किती? तिसरी दाढ मोठी की अगदी बारकी? घरातल्या लहान उंदराची पहिली दाढ लांबट असते आणि तिसरी इतकी छोटी, की खाली पडली तर सापडायची नाही. त्याच्या पहिल्या दाढेवर टी-१ चांगलाच मागे सरकलेला असतो. घुशीच्या दाढेवर उंचवट्यांऐवजी आडव्या पट्ट्यांसारखं दिसतं.

त्यानंतर मोजमाप. दाढेची लांबी-रुंदी मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. घरातल्या लहान उंदराची वरची पहिली दाढ सगळी मिळून दीड-दोन मिलीमीटरची. म्हणजे नाचणीच्या दाण्यापासून मोहरीपर्यंत. एवढ्या जागेत नऊ उंचवट्यांचा हिशेब.

आणि एका दाढेवर कोणी शहाणा माणूस निकाल देत नाही. एकाच थरातल्या मिळतील तेवढ्या दाढा एकत्र ठेवतात, कारण एकाच जातीत, एकाच बिळात, लहान-मोठं असतंच. आपल्या घरातली चार भावंडं एका उंचीची असतात का? दाढांची मापं कागदावर मांडली, की एका जातीचा एक पुंजका पडतो. दोन वेगळे पुंजके पडले आणि उंचवट्यांची ठेवणही वेगळी असली, तर दोन जाती. मग संग्रहालयातल्या जिवंत जातींच्या कवट्यांशी आणि आधी प्रसिद्ध झालेल्या जीवाश्मांशी ताडून पाहतात. कशाशीच जुळलं नाही, तर नवं नाव. ज्या दाढेवरून नाव दिलं, ती दाढ क्रमांक देऊन संग्रहालयात कायमची ठेवली जाते. पुढे कोणाला शंका आली, तर त्याने जाऊन तीच दाढ बघायची.

चिंजी गावाजवळची दाढ आणि उंदरांच्या घरातली वाटणी

या पद्धतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या उपखंडातलंच आहे. हिमालय उंचावत असताना नद्यांनी पायथ्याशी आणून टाकलेला गाळ म्हणजे शिवालिकचे खडक. जम्मू, हिमाचल, चंडीगडच्या आसपास ते आहेत आणि तिकडे पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर तर थरावर थर अगदी वहीच्या पानांसारखे उघडे पडले आहेत. खडकातल्या चुंबकत्वाच्या खुणांवरून कुठला थर किती वर्षांपूर्वीचा, हे तिथे बरंच नेमकं सांगता येतं.

या पठारावर चिंजी नावाचं गाव आहे. तिथल्या थरांतून मिळालेल्या बारीक दाढांवरून लुई जेकब्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एका नामशेष उंदराला नाव दिलं : अँटेमस चिंजिएन्सिस. "अँटे" म्हणजे आधीचा, "मस" म्हणजे उंदीर. उंदराच्याही आधीचा उंदीर, आणि पुढे गावाचं नाव.

त्याच्या दाढेत असं काय होतं? त्याआधीच्या उंदरासारख्या प्राण्यांच्या दाढेवर उंचवट्यांच्या फक्त दोन उभ्या रांगा असायच्या. अँटेमसमध्ये जिभेच्या बाजूला नवे उंचवटे उगवलेले दिसतात, पण शेजारच्यांशी ते अजून नीट जोडलेले नाहीत. म्हणजे घराची भिंत उभी राहिली, पण कोपरा अजून बांधून घेतलेला नाही, अशी अवस्था. हा उंदीर सुमारे १ कोटी ३८ लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या वरच्या थरांत प्रोगोनोमिस नावाचा उंदीर येतो. त्याच्यात तेच उंचवटे जोडले जाऊन आजच्यासारख्या कमानी झालेल्या आहेत. आणखी वर, सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीच्या थरात, थेट आपल्या घरातल्या लहान उंदराच्या गटातली दाढ येते. एकाच प्रदेशात, खालून वर जाताना, एका दाढेचं रूपांतर टप्प्याटप्प्याने दिसतं. अशी सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

या गोष्टीत आणखी एक पात्र आहे आणि त्याचं नाव ऐकून गंमत वाटेल : करणीमाता. राजस्थानात देशनोकला करणीमातेचं जे उंदरांचं देऊळ आहे, तेच नाव जेकब्स यांनी १९७८ मध्ये पोटवारच्या दुसऱ्या एका नामशेष उंदराला दिलं. प्रोगोनोमिस आणि करणीमाता हे दोघे सुरुवातीला इतके सारखे, की वेगळे करणं अवघड. पण वरच्या थरांत जावं तसतशी दाढांची ठेवण दोन वाटांनी जाताना दिसते. म्हणजे घरात वाटणी झाली.

इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण प्रश्न फक्त दोन मेलेल्या उंदरांचा नाही.

इंग्रजीत लहान उंदराला माऊस आणि मोठ्याला रॅट म्हणतात. मराठीत दोघंही उंदीरच. प्रयोगशाळेत औषधांच्या चाचण्या या दोघांवर होतात. दोघांच्या जनुकांत फरक किती, हे शास्त्रज्ञ मोजू शकतात. पण तो फरक पडायला किती काळ लागला, हे जनुकं सांगत नाहीत. त्यासाठी वाटणीची तारीख लागते. दोन भावांच्या शेतांची सीमा आज दिसते, पण वाटणी कधी झाली हे फेरफार नोंद काढल्याशिवाय कळत नाही, तसंच. ही फेरफार नोंद म्हणून जगभरच्या संशोधकांनी शिवालिकच्या दाढा वापरल्या. माऊस आणि रॅट सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, असं धरलं गेलं. त्या आकड्यावरून जनुकं किती वेगाने बदलतात हे काढलं आणि तो वेग वापरून इतर प्राण्यांच्या तारखाही काढल्या. एवढा मोठा डोलारा मोहरीएवढ्या दाढांवर.

मग २०१५ मध्ये युरी किमुरा, लुई जेकब्स, लॉरेन्स फ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दाढा पुन्हा तपासल्या. आधी दुर्लक्षित राहिलेल्या बारीक खुणा त्यांनी पाहिल्या आणि सांगितलं, की प्रोगोनोमिस हा घरातल्या लहान उंदराच्या बाजूचा हे खरं, पण करणीमाता मोठ्या उंदराच्या, रॅटच्या बाजूचा नाहीच. तो आफ्रिकेतले गवताळ भागातले उंदीर आणि आपल्याकडचे मऊ केसांचे शेतउंदीर यांच्या घराण्यातला. म्हणजे थरांत दिसणारी वाटणी खरी, पण ती वेगळ्याच दोन भावांची. नोंद बरोबर होती, सातबारा चुकीच्या माणसाच्या नावावर चढला होता. साहजिकच, त्यावर बेतलेला हिशेब पुन्हा मांडणं भाग पडलं. लक्षात घ्या, ही दुरुस्ती करणाऱ्यांत मूळ नाव देणारे जेकब्स स्वतः होते. दाढा संग्रहालयात क्रमांक लावून जपून ठेवल्या होत्या म्हणूनच हे जमलं.

त्या मऊ केसांच्या शेतउंदरांचा एक भाऊबंद आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. सिंहगडावरून १९७५ मध्ये एका उंदराचं शास्त्रीय वर्णन झालं आणि किल्ल्याच्या जुन्या नावावरून त्याला कोंढाणा उंदीर म्हणतात. तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. आपण ट्रेकिंगला जाऊन पिठलं-भाकरी खातो, त्याच गडावर हा राहतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

दाढ सांगते थराचं वय

एकदा कुठली जात कुठल्या काळातली हे पक्कं झालं, की हिशेब उलटाही लावता येतो. दाढ ओळखा आणि थराचं वय सांगा. याचं उत्तम उदाहरण इंग्लंडमधलं. तिथे ओढ्या-नाल्यांच्या काठी राहणारा, गवत खाणारा एक उंदीर आहे. त्याच्या पूर्वजाला मिमोमिस म्हणतात. मिमोमिसच्या दाढेला वय वाढलं की मुळं फुटायची आणि दाढेची वाढ थांबायची. पुढे त्याच वंशात दाढांना मुळं फुटणंच बंद झालं, दाढ पटाशीच्या दातासारखी आयुष्यभर वाढत राहिली. गवत चावून दाढा झिजतात, जात्याला वारंवार टाकी लावावी लागते तशी गत. कायम वाढणारी दाढ हा त्यावरचा उपाय.

त्यामुळे इंग्लंडमधल्या एखाद्या थरात मुळं असलेली दाढ निघाली तर तो थर जुना, बिनमुळाची निघाली तर नंतरचा. पेकफिल्ड इथे समुद्रकाठच्या थरात माणसाने घडवलेले गारगोटीचे ३२ तुकडे मिळाले. थर सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीचा ठरला आणि २००५ मध्ये हे जाहीर झालं, तेव्हा उत्तर युरोपातल्या माणसाचा इतिहास एकदम मागे गेला. वय ठरवण्याच्या पुराव्यांत मिमोमिसच्या मुळं असलेल्या दाढाही होत्या. बॉक्सग्रोव्ह या दुसऱ्या प्रसिद्ध ठिकाणी बिनमुळाच्या दाढा मिळतात. ते ठिकाण सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीचं. माणसाचं वय उंदराने सांगितलं म्हणायचं.

फसगत कुठे होते?

सगळ्यात जास्त फसवते ती झीज. तरुण उंदराच्या दाढेवर उंचवटे ठसठशीत असतात, म्हाताऱ्याची दाढ सपाट झालेली असते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस दोन जाती सांगून मोकळा होईल. वरची दाढ कुठली, खालची कुठली, डावी की उजवी, पहिली की दुसरी, यातही चुका होतात.

दुसरी फसगत शेतकऱ्याला लगेच कळेल. उंदीर आणि घुशी बिळं करतात. आजची घूस लाख वर्षांपूर्वीच्या थरात बीळ करून तिथेच मेली, तर तिचे दात जुन्या थरात जाऊन बसतात. वरचा थर आणि खालचा थर एकत्र. नदीचा पूर उलटं करतो. काठावरचा जुना थर कापतो आणि त्यातले दात नव्या गाळात आणून टाकतो. म्हणून दाताचा रंग, त्यात खनिज किती मुरलंय, कडा घासल्या आहेत का, हे सगळं बघतात. नुसती दाढ सुंदर असून चालत नाही, ती कुठून उचलली हे पक्कं असावं लागतं.

जनुकं तपासून सोक्षमोक्ष का लावत नाहीत, असं कोणी विचारेल. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात एवढ्या जुन्या हाडांत जनुकं टिकतच नाहीत. कोटभर वर्षांपूर्वीच्या उंदरासाठी दाढ हाच आधार.

आपल्या भागात असे दात मिळतील का?

महाराष्ट्राचा बहुतांश काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे सर्वांत जुने जीवाश्म साधारण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे हा लाव्हा वाहिला तेव्हा उंदरांचं घराणं दिसतच नव्हतं. काळ्या पाषाणात किंवा त्याच्या दोन थरांमधल्या मातीत उंदराचा दात शोधण्यात अर्थ नाही. तिथे दुसरे प्राणी मिळतात. तेलंगणातल्या नासकल गावाजवळ अशाच मधल्या थरातून मिळालेल्या बारीक दातांवरून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये "डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी" हा चिमुकला सस्तन प्राणी जाहीर केला. त्यातलं "हिस्लोपी" म्हणजे नागपूर भागात जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे.

उंदरांसाठी बघायचं ते त्यामानाने बरंच नवं साठलेलं : नद्यांच्या काठचा जुना, चुनखडीच्या गाठी असलेला गाळ आणि गुहांमधली माती. गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांतल्या अशा गाळात मोठ्या जनावरांची जीवाश्म हाडं मिळालेली आहेत. गुहांचं सगळ्यात चांगलं उदाहरण शेजारच्या आंध्रातलं. कर्नूल भागातल्या गुहा रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी १८८४-८५ च्या सुमारास खणल्या. तिथल्या हाडांचा अभ्यास रिचर्ड लायडेकर यांनी केला. जाड दातांच्या एका साळिंदराला त्यांनी वेगळी जात मानून नाव दिलं. नंतरच्या अभ्यासात त्याच गुहांतून शेतातले, झुडपांतले असे अनेक उंदीर ओळखले गेले. शिवालिकच्या भारतीय बाजूच्या उंदरांच्या दातांवर चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या राजीव पटनाईक यांचं मोठं काम आहे.

विहीर खोदताना, नदीची दरड कोसळल्यावर किंवा मुरूम काढताना हाड-दातासारखं काही दिसलं, तर पाण्याने खसाखसा घासू नका, लिंबू-व्हिनेगर तर अजिबात लावू नका आणि तुटलेलं चिकटवू नका. उचलण्याआधी जागेवरच मोबाइलने फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. फोटोत वरचे-खालचे थरही येऊ द्या. लोकेशन जतन करा, जमिनीपासून किती फूट खोल होतं ते लिहून ठेवा. दरड ढासळती असेल तर खाली उभं राहू नका, दात महत्त्वाचा नाही तितका तुमचा जीव आहे. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवलं तरी ते पुढचा रस्ता सांगतील. सुटा दात सापडलाच तर औषधाच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून ठेवा आणि त्याच थरातली ओंजळभर माती वेगळ्या पिशवीत बांधून सोबत द्या. दुसरी दाढ त्या मातीतच असण्याची शक्यता जास्त असते.